चोवीस नंबरच्या कॉलमपुढची खूण

१२ सप्टेंबर

ती. मामा,

तुम्हाला आणि मामींना नमस्कार.

इमारत राहायला सुरक्षित आहे, असं पालिकेच्या इमारत विभागाने आज सकाळी अकरा वाजता जाहीर केलं. आमच्या साहेबांनी फाटकाबाहेर उभं राहून कागद वाचून दाखवला आणि खाली सही माझी आहे हेही सांगितलं. दुपारी दोनपर्यंत अठ्ठ्याऐंशीपैकी एकसष्ट घरं परत वर गेली होती. त्यात आई पहिल्या पाचात. तेव्हा तुमची ताई सहाव्या मजल्यावर आपल्या घरी सुखरूप आहे, हे आधी वाचा आणि मग चष्मा पुसून बाकीचं.

फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामी तुमच्या कानात अर्धंच ओरडतात, उरलेलं स्वतःच्या मनाने घालतात. शिवाय लिहिलं की मला सुचतं तरी.

वादळाचं तुम्ही पेपरात वाचलं असेलच. आमच्याकडे सगळ्यात वाईट झालं ते गच्चीवर. पाण्याच्या टाकीचा लोखंडी सांगाडा मुळापासून उपटला, भरलेली टाकी गच्चीवर आपटली, आणि अकराव्या मजल्याच्या छताला चारी बाजूंनी तडे गेले. तळघरातल्या पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी. माणसं त्याच सकाळी बाहेर काढली आणि पलीकडच्या शाळेच्या हॉलमध्ये ठेवली. दहा दिवस. आईची गादी खिडकीखाली होती आणि तिच्या एका बाजूला चौथ्या मजल्यावरचे रिटायर मास्तर, दुसऱ्या बाजूला त्यांची बायको. आई म्हणाली, "दोघं आलटून पालटून घोरतात. संसार असावा तर असा, जराही खंड पडू देत नाहीत."

आमच्या विभागात तपासणी करणारे आम्ही तिघं, आणि यादीत इमारती एकशे चाळीस. स्वतःची आई राहते ती इमारत मी तपासावी का, असं मी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "दुसरं कोण आहे? आणि आईची आहे म्हटल्यावर तू जरा जास्तच नीट बघशील." मी दोन दिवस बघितली. गच्ची, अकरावा, दहावा, जिने, लिफ्टचा खड्डा, तळघर. वरचे तडे छताच्या वरच्या थरातले आहेत, भार घेणाऱ्या भागात नाहीत. अकराव्या मजल्यावरची चार घरं बंद ठेवली आहेत, बाकीच्यांना परवानगी दिली.

हॉलमध्ये रोज कोणी ना कोणी मला गाठायचं. सोसायटीचे सेक्रेटरी तर दिवसातून तीनदा. "मॅडम, लोकांना अंघोळीला रांग लावावी लागतेय. तुम्ही एक सही करा, मी तुमचा फोटो ऑफिसात लावतो." आई त्यांना म्हणाली, "तिच्यावर घाई करू नका. आणि काळजीही करू नका. ही इमारत आमच्या धाकट्याने उभी केलीय, तो कच्चं काम करत नाही." हे तिने हॉलमधल्या प्रत्येकाला निदान दोनदा सांगितलं असेल. एकतीस वर्षांपूर्वी तुम्ही तिथे सुपरवायझर होतात म्हणून तिने तिथे घर घेतलं, हे आता पाणीवाल्यालाही माहीत आहे.

एक सहज विचारायचं होतं. तळघरात उत्तरेच्या कोपऱ्यात पंपाची खोली आहे, तिच्या आत चोवीस नंबरचा कॉलम येतो. नकाशात तो दक्षिणेच्या बारा नंबरसारखाच आहे. तुम्हाला काही आठवतंय का त्याचं? घाई नाही. माझ्या नोंदीसाठी हवं होतं.

मामींना सांगा, आईने त्यांच्यासाठी लोकर घेऊन ठेवली होती ती भिजली नाही. आणि हे पत्र त्यांनी आधी वाचायला मागितलं तर आज तेवढं देऊ नका.

तुमची भाची


१८ सप्टेंबर

ती. मामा,

नमस्कार. तुमचं उत्तर अजून आलेलं नाही. यायला हवं होतं असं नाही, टपालाला चार दिवस लागतातच, पण मी रोज पेटी उघडून बघते आहे. मामींचे गुडघे कसे आहेत? तुमचे वाल लागले का?

इकडे सगळं रुळावर येतंय. लिफ्ट सुरू झाली. तळघर पंप लावून उपसलं. आईने पडदे धुतले.

आईच्या घराचं बाहेरचं दार अडकत होतं. ती परत आली त्याच्या तिसऱ्या दिवशी वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं. "दहा दिवस बंद घर, ओल धरली असेल," ती म्हणाली. ते खरंही आहे, लाकूड फुगतं. तिने सुताराला बोलावून पंधरा तारखेला रंधा मारून घेतला. सुतारही बोलका. म्हणाला, "आजी, दार आता असं फिरेल की तुम्ही लोटायच्या आधीच उघडेल." दोन दिवस तसं फिरलंही.

काल संध्याकाळी मी गेले तेव्हा आईने आतून तीन हिसके दिले तेव्हा उघडलं. "त्या मेल्याने नीट तासलं नाही," ती म्हणाली. मी कोपऱ्यात बोट फिरवून पाहिलं. त्याने नीट तासलं होतं. चांगली दोन नाण्यांएवढी फट ठेवली होती त्याने, त्याच्या पेन्सिलची रेघ अजून तशीच होती. आता त्या फटीत कागदसुद्धा जात नाही.

तासलेल्या कडेला रंग नसतो, कोरं लाकूड जास्त ओल पितं, म्हणून पुन्हा फुगलं असेल. मी आईला हेच सांगितलं. रात्रभर स्वतःलाही हेच सांगितलं. घाबरलेल्या माणसाला कारणं फार पटापट सुचतात.

मामा, मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. मागच्या पत्रात लिहायची होती, लिहिली नाही.

तळघरात चोवीस कॉलम. बारा दक्षिणेला, बारा उत्तरेला, नकाशा मधोमध घडी घातल्यासारखा. एक ते तेवीस मी प्रत्येकाजवळ गेले, गुडघाभर पाण्यातून. तुम्ही शिकवलं तसं हातोडीने चारी बाजूंनी ठोकून पाहिलं, आवाज ऐकला, ओळंबा लावला, भेगा मोजल्या. चोवीस नंबर पंपाच्या खोलीत. खोलीला लोखंडी दार, दाराला कुलूप, किल्ली पंपवाल्याकडे, आणि पंपवाला वादळानंतर आपल्या गावी गेलेला. दुसरी किल्ली नाही. वॉचमन म्हणाला, "मॅडम, आत नुसतं पाणी आणि उंदीर आहेत." दाराच्या जाळीतून टॉर्च मारला. दिसला तो कॉलमचा वरचा भाग, ओल आलेला पण धड. खालचा भाग पाण्यात.

त्या दिवशी माझ्या यादीत अजून दोन इमारती होत्या.

आमच्या फॉर्मवर प्रत्येक कॉलमपुढे चौकोन असतो. खूण करायची आणि शेरा लिहायचा. अशी सारखी बाजू असली की सगळेच लिहितात, मीही याआधी लिहिलं आहे, आणि साहेबांच्या काळात तर अर्धे फॉर्म असेच भरलेले असायचे. चोवीसपुढे मी खूण केली आणि लिहिलं, "बारा नंबरप्रमाणे". बारा नंबर ठणठणीत होता.

एवढंच. चौकोनातली एक खूण.

ती करताना हात थांबला नाही, हेच मला आता राहून राहून आठवतं. थांबला असता तर निदान असं तरी वाटलं असतं की मला माहीत होतं. पण मी ती तशीच केली, दुधाचा हिशेब लिहावा तशी, आणि पान उलटलं.

आईचं घर त्याच कोपऱ्यात येतं. तुम्हाला सांगायला नको.

काल आईकडून निघाल्यावर मी सेक्रेटरींकडे गेले. म्हटलं, पंपाची खोली उघडून हवी. ते म्हणाले, "का? काही राहिलं का?" मी म्हटलं, "नाही, नाही. पंपाचं जरा बघायचं होतं." "पंप बाहेरच्या स्विचवर चालू आहे की. आणि पंपवाला सोमवारी येतोय." मग हसून म्हणाले, "मॅडम, तुम्हीच पास केलंत, आता तुम्हीच नापास करू नका बरं का." मीही हसले. त्यांच्या ऑफिसात खरंच माझा फोटो लावलाय, प्रमाणपत्राशेजारी.

तेव्हाच म्हणायला हवं होतं की कुलूप तोडा. तोंडापर्यंत आलं होतं. पण कुलूप का तोडायचं हे सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं की अठ्ठ्याऐंशी घरांना कळलं असतं की ही बाई न बघता खूण करते. नोकरीचं काय ते नंतर. आधी त्या लोकांनी माझ्याकडे कसं बघितलं असतं तेच डोळ्यांपुढे आलं. मास्तर रोज जिन्यात मला थांबवून आभार मानतात.

उद्या आणि परवा साहेबांनी मला पलीकडच्या गावच्या हॉस्पिटलच्या तपासणीला पाठवलं आहे. सोमवारी पंपवाला येईल. तीन दिवस. एका कॉलमने अकरा मजले पडत नाहीत, भार आजूबाजूच्यांवर जातो, हे मी कोणालाही फळ्यावर काढून दाखवू शकते. पण आजूबाजूचे तो किती वेळ घेतील, हे मला काढता येत नाही.

आईला म्हटलं, चार दिवस माझ्याकडे ये. ती म्हणाली, "आत्ताच तर घरी आले. तुझ्याकडे मला भांडी सापडत नाहीत." जास्त ताणून धरलं असतं तर तिने विचारलं असतं, का गं? आणि तिला खोटं सांगायला मला अजून जमलेलं नाही.

तुम्ही एक करा. चोवीस नंबर बारासारखाच आहे, एवढं एक वाक्य लिहून पाठवा. माझं बाकीचं वाचून रागावलात तरी चालेल.

तुमची भाची


२१ सप्टेंबर, संध्याकाळचे साडेचार

ती. मामा,

इमारत रिकामी झाली आहे. शेवटचं घर एक वाजून दहा मिनिटांनी खाली आलं, अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांनी मजल्यामजल्यावर जाऊन खात्री केली. कोणाला काही झालेलं नाही. आई ठीक आहे, शाळेच्या हॉलमध्ये आहे. इमारत हे लिहिताना उभी आहे.

हे पत्र आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर तुमच्या हातात देईल. त्याला जेवायला वाढायला मामींना सांगा, सकाळपासून त्याच्या पोटात काही नाही. तो का थांबणार आहे ते शेवटी लिहिते.

तुमचं उत्तर आज सकाळी नऊला मिळालं. पहिल्या पत्राचं उत्तर आहे ते, दुसरं तुम्हाला तोवर मिळालं नसणार. मी दारातच उघडलं. तुमची वाक्यं मला आता पाठ आहेत. "सहज विचारतेस असं लिहिलंस. सहज कोणी कॉलमचा नंबर विचारत नाही. चोवीस बाराप्रमाणे नाही. गच्चीचं पावसाचं पाणी उतरवायचा पाइप त्याच्या पोटात घातला आहे. नकाशात नाही. मालकाला बाहेरून पाइप दिसायला नको होता. मी एकदा नको म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. पाइप फुटला असेल तर सळया आतून गंजून गेल्या असणार. मामीच्या तोंडून फोनवर सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहितो. ताईला आज तिथून काढ. हे वाचून बसू नकोस, आधी जा."

मी गेले.

फाटकात तो सुतार भेटला, खांद्यावर पिशवी. म्हणाला, "बरं झालं आलात. तुमच्या या बाजूची सगळी दारं अडकायला लागलीत. दुसरा, चौथा, सहावा, नववा. पलीकडच्या बाजूचं एकही नाही. वारा इकडूनच होता म्हणे." मी त्याला विचारलं, तुझ्याकडे पहार आहे का? होती. "कुलूप तोडायचंय," म्हटलं. सेक्रेटरी मागून आलेच. "मॅडम, पंपवाला दुपारी येतोय, तीन तासांसाठी कशाला..." मी म्हटलं, "चोवीस नंबरचा कॉलम मी पाहिलेला नाही. न पाहता खूण केली आहे." सुतार पहार घेऊन खाली उतरला. दोन हिसक्यांत कुलूप तुटलं.

मामा, तुम्ही पाहिलं नाहीत म्हणून नीट लिहिते.

जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत कॉलम राहिलेलाच नाही. पाइपाच्या बाजूचं काँक्रीट गळून पडलं आहे, सळया बाहेरच्या बाजूला वाकून पोट सुटल्यासारख्या दिसतात, त्यांना बांधून धरणाऱ्या रिंगा गंजून तुटल्या आहेत. मधोमध पाइप उघडा, उभा चिरलेला, आणि त्यातून अजून पाणी येतंय. चार दिवस पाऊस नाही, गच्चीवर साचलेलं ते हळूहळू उतरतंय. वरच्या बीमला हाताची बोटं जातील अशी भेग.

आणि काँक्रीटचे तुकडे. ते चिखलावर पडले होते, चिखलात नव्हते. पाणी येत नव्हतं त्या बाजूचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि तुकडे त्याच्यावर, स्वच्छ, कोरड्या कडांचे. म्हणजे पाणी उपसल्यानंतर पडले. म्हणजे माझ्या सहीनंतर. मी तिथे उभी असताना अजून एक पडला, लिंबाएवढा. आवाज फार नव्हता. सुताराने माझा दंड धरून मला बाहेर ओढलं.

साहेबांना फोन केला. पहिलं वाक्य हेच म्हटलं की चोवीस नंबर मी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "आधी माणसं. बाकीचं नंतर." लिफ्ट बंद करवली. सेक्रेटरींनी आत डोकावून पाहिलं आणि ते थेट जिन्याकडे धावले. त्या माणसाने अकरा मजले चढून दार न दार वाजवलं. मला वाटत होतं तो सगळ्यात आधी माझ्यावर ओरडेल.

मी फाटकात यादी घेऊन उभी राहिले. घर आलं की खूण. या वेळी माणूस समोर बघितल्याशिवाय एकही केली नाही. लोक चिडलेले, पिशव्या घेतलेले, कोणी पिंजरा घेतलेला. "परत? दहा दिवस झाले नाहीत अजून." एक बाई म्हणाली, "ह्यांना काय, सही केली, सही खोडली." मी म्हटलं, "खरं आहे." ती जरा चपापली आणि पुढे गेली. मास्तर आले, त्यांनी आभार मानले नाहीत, नुसते माझ्याकडे बघून गेले.

अकराव्यावरची बंद चार घरं सोडून, पाऊण वाजता त्र्याऐंशी खुणा होत्या. सहावा मजला, उत्तरेचा कोपरा, रिकामा.

मी वॉचमनला म्हटलं, माझी आई आली का? तो म्हणाला, "आजी नाही आल्या." सेक्रेटरी धापा टाकत म्हणाले, "मी त्यांचं दार वाजवलं. त्या आतून म्हणाल्या, येते."

सुतार माझ्या आधी जिन्याला लागला होता. सहा मजले कसे चढले ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक मजल्यावर उत्तरेची दारं तिरकी दिसत होती, की मला तशी वाटत होती, देव जाणे. तिसऱ्या मजल्यावर भिंतीच्या आत काहीतरी टक् करून वाजलं. आम्ही दोघंही थांबलो. तुम्ही नेहमी म्हणायचात की इमारत बोलते, ऐकायला शिक. मी ऐकलं आणि मला ते पुन्हा कधीही ऐकायचं नाही.

दार घट्ट बसलं होतं. आई आतून म्हणाली, "कोण? सुतार आहे का? बघ तुझं काम. तुझं दार लोटण्याआधी उघडणार होतं ना."

"आजी, मागे सरका."

"सरकते. गॅस बंद केलाय, खिडक्या लावल्यात. किती वेळ हाका मारतेय, सगळे धावत खाली गेले, कोणाला म्हातारीचं ऐकू येत नाही." मग माझा आवाज ऐकला असावा. "तू आहेस होय? मग तू कशाला वर आलीस?"

सुताराने पहार घातली. दार हललं नाही. त्याने चौकटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळू म्हणाला, "चौकटच दाबली गेलीय. वरून जोर लावला तर आणखी काही..." मी म्हटलं, "बिजागऱ्यांकडून काढ." त्या बाहेरून दिसत नव्हत्या. शेवटी त्याने दाराची खालची फळीच फोडली. चार मिनिटं लागली असतील. आई त्या भोकातून बाहेर आली, आधी पिशवी, मग चष्मा, मग ती, गुडघे टेकून. पंचाहत्तर वर्षांची बाई. उठून साडी झटकली आणि सुताराला म्हणाली, "हे दार मी तुझ्याकडून नवीन करून घेणार आहे."

जिना उतरताना तिने माझा हात धरला होता. पाचव्या मजल्यावर तिने विचारलं, "काय झालंय खाली?"

"एक कॉलम गेलाय."

"तू बघितला होतास ना तो?"

"नाही."

तिने हात सोडला नाही. पण पुढचे दोन मजले ती काही बोलली नाही, आणि मामा, टक् असा तो आवाज परवडला. तिसऱ्या मजल्यावर म्हणाली, "ह्या सगळ्यांना सांगितलंस?"

"सांगितलंय."

"मग चल. हळू उतर, घसरशील."

आता तुमचं.

तुमचं पत्र मी साहेबांना दिलं आहे. तुम्हाला विचारलं नाही. आधी माझा फॉर्म टेबलावर ठेवला, चोवीसपुढची खूण दाखवली, मग तुमचं पत्र. त्याशिवाय तो पाइप मुद्दाम घातलेला आहे हे कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता आणि उद्या त्या खोलीत माणसं उतरायची आहेत. तुम्ही एकतीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतंत, ते मला लिहिलंत, आणि मी ते त्याच दिवशी चारचौघांत मांडलं. यासाठी तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत तर मी समजू शकेन.

आईला तुमचं अजून माहीत नाही. ती हॉलमध्ये म्हणत होती, "धाकट्याने बांधलीय म्हणून एवढी तरी उभी आहे, दुसऱ्याची असती तर वादळातच गेली असती." मास्तरांची बायको मान डोलावत होती. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले. माझं मी तिला सांगितलं. तुमचं मी सांगणार नाही, आणि कोणी विचारलं तर लपवणारही नाही.

उद्या नऊ वाजता टेकू लावायचे आहेत. लोखंडी टेकू, बीमच्या खाली, कॉलमच्या दोन्ही बाजूंना. त्याआधी कोणी आत जायचं नाही असा हुकूम आहे. नऊला चार टेकूवाले उतरतील आणि पाचवी मी. साहेब नको म्हणत होते. मी म्हटलं, तळघर मला पाठ आहे, आणि त्यातलं जे पाठ नाही ते माझ्यामुळेच नाही.

अडचण अशी आहे. तो पाइप कॉलमच्या खाली कुठेतरी वळून चेंबरच्या पोकळ खड्ड्यात जात असणार. चेंबर फरशीखाली आहे, नकाशात नाही, वरून दिसत नाही. टेकू नेमका त्याच्यावर उभा राहिला तर भार येताच फरशी खचेल, टेकू निसटेल, आणि बीम खाली येईल. फरशी ठोकून बघायची तर हादरा बसतो. चेंबर कॉलमच्या कुठल्या बाजूला आहे, किती अंतरावर आहे, हे सांगू शकणारा एकच माणूस आम्हाला माहीत आहे. आणि अजून एक: तेवीसपर्यंतच्या कॉलमांपैकी आणखी कोणाच्या पोटात पाइप घातला होता का? मला सगळ्यांचा आवाज भरीव लागला होता. पण मी आता माझ्या कानांवर शपथ घेणार नाही.

ड्रायव्हर आज तुमच्याकडे मुक्काम करेल. पहाटे पाचला निघालात तर आठपर्यंत इथे पोचता. कागदावर काढून त्याच्याबरोबर पाठवलंत तरी मी समजून घेईन, पण तुमच्या बोटाने जागा दाखवलेली मला हवी आहे. दहा वाजता चौकशी समिती बसेल. तिथे आधी माझं नाव पुकारतील, मग तुमचं. मामींना फोनवर एवढंच सांगितलंय की ताई ठीक आहे.

लोक सकाळी आठपासूनच फाटकाबाहेर जमतील. आईही असेल, तिने मास्तरांकडून खुर्ची मागून ठेवली आहे. गाडीतून तुम्ही उतरलात की तिला वाटेल, भाऊ मदतीला आला. तिला काय सांगायचं ते तीन तासांच्या वाटेत ठरवा.

नऊ वाजता आम्ही खाली उतरतो आहोत. तुम्ही आलात तरी, आणि नाही आलात तरी.

फाटकाकडे तोंड करून उभी असलेली,
तुमची भाची